परका कोण ठरवणार?

कर्जत–मुरबाड रस्त्यावर कशेळ्याच्या अवतीभवती गेल्या काही वर्षांत फार्महाऊस आणि 'सेकंड होम'च्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतल्या कुठल्याही बांधकामावर गेले की सेंट्रिंगवाला बिहारचा, लादी बसवणारा राजस्थानचा, गवंडी मालद्याचा नाहीतर मुर्शिदाबादचा, गेटवरचा रखवालदार नेपाळचा आणि माती-रेती वाहायला आसपासच्या वाड्यांमधले ठाकूर-कातकरी, असा मेळ दिसतो. कायद्याच्या हिशेबात यातला परदेशी एकच, नेपाळचा रखवालदार. पण १९५० च्या भारत–नेपाळ करारामुळे त्याला यायला व्हिसा लागत नाही, आणि गावातही त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. संशय घेतला जातो तो मुर्शिदाबादच्या गवंड्यावर. तो भारताचा नागरिक आहे, बोलतो मात्र बांगला.

राष्ट्रीय सुरक्षेसाठी परक्यांच्या येण्या-राहण्यावर निर्बंध घालावेत का, किती आणि कसे, हा वाद दिल्ली-आसामचा म्हणून आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्याचे धागे मुंबईमार्गे आपल्या तालुक्यापर्यंत आलेले आहेत. या वादात कोण काय म्हणते, न्यायालयांनी काय ठरवले आणि काय ठरायचे राहिले, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला ते वजा करून वाचता येईल. राज्यसंस्थेला परक्याला अडवण्याचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न भारतात जवळजवळ निकालात निघाला आहे. परका ओळखायचा कसा, पुरावा कोणी द्यायचा आणि कोणासमोर, हा प्रश्न मात्र सत्तर-पंचाहत्तर वर्षे लोंबकळतो आहे.

युद्धातून आलेले कायदे

परकीयांविषयीचे आपले जुने कायदे बहुतेक युद्धाच्या धास्तीतून जन्मले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ मध्ये इंग्रज सरकारने दोन अध्यादेश काढले. एक परकीयांसाठी होता. दुसरा, 'इन्ग्रेस इंटू इंडिया' नावाचा, भारतात येणाऱ्या कोणाचीही हालचाल रोखू देणारा होता आणि त्याचा वार मुख्यतः अमेरिका-कॅनडातून परतणाऱ्या गदर पक्षाच्या हिंदी लोकांवर झाला. म्हणजे सुरक्षेच्या नावाने केलेला प्रवेशबंदीचा पहिला मोठा प्रयोग झाला तो आपल्याच माणसांवर. पाठोपाठ १९२० चा पासपोर्ट कायदा आला, १९३९ मध्ये परकीयांच्या नोंदणीचा आणि १९४६ मध्ये विदेशी व्यक्ती अधिनियम. स्वतंत्र भारताने हे तिन्ही जसेच्या तसे उचलले.

अशा कायद्यांच्या जोरावर केलेल्या काळ्या याद्या किती चिवट असतात याचे एक मराठी उदाहरण आहे. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. पुढे ते मेक्सिकोत गेले आणि तिथे कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी मायदेशी येण्यासाठी अर्ज केला, तर तो आधी नाकारला गेला. इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि ते कोणी खोडलेच नव्हते. नंतर चूक दुरुस्त झाली, ते परतले आणि नागपुरात राहिले. इंग्रज गेले तरी त्यांची यादी मागे उरली होती.

१९४६ च्या कायद्यातले कलम ९ या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. एखादी व्यक्ती परदेशी आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला, तर आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर, असे ते सांगत होते. फौजदारी कायद्यात एरवी आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचे असते. इथे उलटे आहे. समर्थन असे की, माणूस कुठे जन्मला आणि त्याचे आईबाप कोण, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत असणार? बिनतोड वाटते. मात्र हे गृहीत धरते की माहीत असलेली गोष्ट कागदावरही असते.

फाळणी, परवाने आणि छावण्या

फाळणीनंतर या कायद्यांना एकदम काम लागले. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धत सुरू झाली. १९ जुलै १९४८ ही तारीख राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदातही आहे. त्याआधी आलेले आणि नंतर आलेले यांना नागरिकत्वाचे वेगळे नियम लागले. परवान्याशिवाय आलेल्याला देशाबाहेर घालवण्याचा अधिकारही १९४९ च्या कायद्याने सरकारला मिळाला. तो अधिकार मुंबई राज्यातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात गेला. 'इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य' या १९५४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की भारताच्या नागरिकाला असे हाकलता येणार नाही. नागरिक आहे की नाही याचा नीट निवाडा न करता, केवळ परवाना नाही एवढ्यावर हद्दपारी करणारे कलम घटनाबाह्य ठरले. आज चाललेल्या चर्चेत हा निकाल फारसा कोणी आठवत नाही. आठवायला हवा.

हद्दी बंद करण्याच्या इतिहासाबरोबर दारे उघडण्याचाही इतिहास महाराष्ट्राला आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि उल्हासनगर वसले. कर्जत लोकलने मुंबईला जाणाऱ्या आपल्या माणसांना ते रोज खिडकीतून दिसते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना आजच्या गडचिरोली जिल्ह्यात जमिनी मिळाल्या आणि तिबेटी लोकांची वसाहत गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ उभी राहिली. यातल्या कोणालाही निर्वासितांच्या कायद्याने आसरा मिळाला नाही, कारण असा कायदा भारतात नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावरही भारताची सही नाही. कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही हे त्या त्या वेळच्या सरकारने ठरवले. ही लवचीकता ताकद आहे की मनमानी, यावर अभ्यासक विभागलेले आहेत.

न्यायालयांच्या दोन वाटा

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ओळीने वाचले तर दोन वाटा समांतर जाताना दिसतात.

पहिली वाट सार्वभौमत्वाची. १९५५ च्या हान्स म्युलर प्रकरणात कोलकात्याच्या तुरुंगातल्या एका जर्मन माणसाच्या अर्जावर न्यायालय म्हणाले की परकीयाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे. १९९१ मध्ये लुई डी राएड्ट या मिशनऱ्याच्या प्रकरणात तेच पुन्हा स्पष्ट झाले: देशात राहण्या-वसण्याचा हक्क अनुच्छेद १९ खाली येतो आणि तो फक्त नागरिकांना आहे. २००५ मध्ये सर्बानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर आसामचा १९८३ चा बेकायदा स्थलांतरितांविषयीचा कायदा रद्द झाला. तो कायदा परकेपणा सिद्ध करण्याचा भार सरकार आणि तक्रारदारावर टाकत होता. मोठ्या प्रमाणावरची घुसखोरी हे अनुच्छेद ३५५ मधले 'बाह्य आक्रमण' ठरू शकते, असे न्यायालयाने त्या निकालात म्हटले. 'सुरक्षा' हा शब्द स्थलांतराच्या वादात घटनेच्या पातळीवर रुजला तो इथे.

दुसरी वाट माणूस म्हणून असलेल्या हक्कांची. अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांना बळजबरीने हुसकावण्याच्या धमक्या आल्या, तेव्हा त्यांच्या जिवाचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने बजावले. २०२१ च्या रोहिंग्या प्रकरणात परत पाठवणी थांबवायला न्यायालयाने नकार दिला, पण ठरलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय पाठवू नये हेही नोंदवले. जुलै २०२४ मधला रहीम अली निकाल याच वाटेवर आणखी पुढे गेला. कलम ९ चा भार खरा, पण तो माणसावर टाकण्याआधी अधिकाऱ्याकडे काहीतरी ठोस माहिती असली पाहिजे आणि ती त्या माणसाला सांगितली पाहिजे. कोणालाही रस्त्यावरून उचलून 'भारतीय असल्याचे दाखव' म्हणता येणार नाही.

दोन्ही वाटा एकमेकींना छेद देत नाहीत, असे न्यायालय सांगते, आणि कागदावर ते खरेही आहे. पहिली वाट परकीय ठरलेल्या माणसाविषयी बोलते, दुसरी तो ठरवण्याच्या पद्धतीविषयी. प्रत्यक्षात पोलिस ठाण्यात दोन्ही एकाच टेबलावर, एकाच दिवशी येतात.

मुंबईतून दिसणारा वाद

महाराष्ट्रात हा प्रश्न राजकारणाच्या मध्यावर आला तो १९९० च्या दशकात. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर मुंबईतल्या काही मतदान केंद्रांवरच्या हजारो मतदारांना 'तुम्ही परदेशी असल्याचा संशय आहे' अशा नोटिसा गेल्या. जन्मदाखला, पासपोर्ट असे ठराविक कागदच मागितले गेले. 'लाल बाबू हुसेन' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ही कारवाई रद्द केली. ज्याचे नाव आधीच यादीत आहे त्याची छाननी एकदा झालेली आहे असे धरून चालावे, नाव काढायचे तर नीट सुनावणी घ्यावी आणि पुरावा अमुकच कागदाचा हवा असा हट्ट धरू नये, हा त्या निकालाचा सारांश. २०२५ मध्ये बिहारच्या मतदारयाद्यांच्या विशेष पुनरीक्षणावर वाद पेटला तेव्हा वकिलांनी तीस वर्षांपूर्वीचा हा निकाल पुन्हा बाहेर काढला.

निवडणुकीनंतर शिवसेना–भाजप युतीचे सरकार आले आणि बांगलादेशी घुसखोरांना बाहेर काढण्याची मोहीम जोरात सुरू झाली. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलिस बंदोबस्तात काही जणांना कुर्ला–हावडा एक्स्प्रेसने सीमेकडे नेत होते. त्यात जरीकाम करणारे कारागीर होते. हावड्याअलीकडे उलुबेडिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले. हे आमच्या राज्यातले बांगलाभाषक भारतीय आहेत, असे पश्चिम बंगालमधली डावी आघाडी म्हणत होती. ते परदेशीच आहेत आणि मतांसाठी त्यांना पाठीशी घातले जाते, असे मुंबईतून उत्तर येत होते. दोन राज्ये, दोन्हीकडे निवडून आलेली सरकारे, आणि गाडीतल्या माणसांचे नागरिकत्व कोणी ठरवायचे यावर एकवाक्यता नाही. नागरिकत्व, पासपोर्ट, व्हिसा हे विषय घटनेने केंद्राकडे दिले आहेत. पण १९५८ पासून परकीयांना बाहेर काढण्याचे अधिकार केंद्राने राज्यांकडे सोपवले आहेत. त्यामुळे निर्णय दिल्लीचा, हात पोलिस ठाण्याचा आणि परिणाम तिसऱ्याच राज्यात, अशी ही रचना आहे.

त्या गोष्टीला सत्तावीस वर्षे झाली आणि जून २०२५ मध्ये जवळजवळ तसेच घडले. मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमा सुरक्षा दलाकडे सोपवून बांगलादेशात ढकलले गेले. त्यात मिरा रोडला काम करणारा मुर्शिदाबादचा एक गवंडी होता. त्याच्या घरच्यांनी कागद दाखवले, पश्चिम बंगाल सरकारने धावपळ केली आणि काही दिवसांत त्यांना परत आणले गेले. दिल्लीत पकडून अशीच पाठवलेली बीरभूमची एक गरोदर स्त्री तर डिसेंबर २०२५ मध्ये, कोलकाता उच्च न्यायालय आणि मग सर्वोच्च न्यायालय इथपर्यंत प्रकरण गेल्यावर परतली.

नाण्याची दुसरी बाजूही त्याच वर्षातली आहे. जानेवारी २०२५ मध्ये अभिनेता सैफ अली खान याच्यावर वांद्र्याच्या घरात चाकूहल्ला झाला. ठाण्यातून पकडलेला आरोपी बांगलादेशी असून नाव बदलून राहत होता, असे पोलिसांनी सांगितले. त्याच सुमारास मालेगावसह काही ठिकाणी उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांत घोटाळा झाल्याच्या तक्रारींवर राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी ठाण्याच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना लिहिले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती असले म्हणजे कोणी नागरिक होत नाही. नागरिकत्व १९५५ च्या कायद्यानेच ठरते. कायदा म्हणून यात नवे काही नव्हते. बांधकामावर मुकादम 'आधार आहे का' एवढेच विचारून माणूस घेतो, त्याला मात्र हे नवे होते.

कोण काय म्हणते

निर्बंध कडक हवेत असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा थोडक्यात असा. बांगलादेशाशी आपली सीमा चार हजार किलोमीटरहून लांब आहे, नदी-खाड्यांतून जाते आणि ती पूर्ण बंद करणे अवघड आहे. आत आलेल्याला दलाल वर्षा-दोन वर्षांत कागद मिळवून देतात. मग तो मतदार होतो, रेशन घेतो आणि शोधला तरी सापडत नाही. आसामचे तेव्हाचे राज्यपाल निवृत्त लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांनी १९९८ मध्ये राष्ट्रपतींना दिलेला अहवाल या बाजूचा मुख्य आधार आहे आणि सोनोवाल निकालातही तो उद्धृत झाला. देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, हे गृहमंत्री अमित शहा यांचे मार्च २०२५ चे लोकसभेतले वाक्य याच भूमिकेचे राजकीय रूप.

दुसरी बाजू घुसखोरी नाकारत नाही. तिचे म्हणणे पद्धतीविषयी आहे. आसामात नागरिक नोंदणीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आली आणि १९ लाखांहून अधिक लोक तिच्याबाहेर राहिले. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, माजी सैनिकांची कुटुंबे होती. ती यादी कोणालाच पटली नाही, जे तिची मागणी करत होते त्यांनाही नाही. एवढा खर्च, एवढी वर्षे आणि न्यायालयाची देखरेख असूनही हे झाले, तर पोलिस ठाण्यात दोन दिवसांत होणारी पडताळणी किती विश्वासाची, असा या बाजूचा प्रश्न आहे. याला समतेचा आक्षेप जोडलेला आहे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट मोकळी केली, मुसलमानांना नाही. सरकार म्हणते की त्या देशांत छळ सोसणाऱ्या अल्पसंख्याकांपुरते ते वाजवी वर्गीकरण आहे. विरोधक म्हणतात की धर्मावरून दरवाजा ठरवणे अनुच्छेद १४ मध्ये बसत नाही. मार्च २०२४ मध्ये नियम लागू झाले. याचिका अनिर्णित आहेत.

तिसरी बाजू सभांमध्ये ऐकू येत नाही, पण कशेळ्यासारख्या गावात ती सर्वांत जवळची: मजुरीची. बाहेरचा मजूर कमी दराने, जास्त तास, सुट्टी न घेता राबतो म्हणून मुकादम त्याला पसंत करतो, आणि इथला कातकरी दिवाळीनंतर कुटुंबासकट वीटभट्टीवर जातो. यावर उपाय सरहद्दीवर नव्हे तर कामाच्या जागेवर शोधावा, असे कामगार क्षेत्रातले अभ्यासक सांगतात. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात पाच किंवा जास्त परराज्यातले मजूर ठेवणाऱ्या ठेकेदाराला परवाना आणि प्रत्येक मजुराला फोटो लावलेली पुस्तिका बंधनकारक होती. ती पुस्तिका हातात असलेला मजूर मी तरी या पट्ट्यात पाहिलेला नाही. आता तो कायदा नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये विरघळला आहे आणि मजुरांच्या संख्येची अट पाचावरून दहावर गेली आहे. फार्महाऊसच्या कामावर बहुधा दहा जण नसतातच. कामगाराची नोंद कामावर ठेवणाऱ्याने केली असती तर पोलिसांच्या निम्म्या शंका तिथेच मिटल्या असत्या, असे मला वाटते. पण सुरक्षेच्या चर्चेत ठेकेदाराचे नाव क्वचित निघते.

सुरक्षा म्हणजे नेमकी कशापासून?

आपल्या रायगड जिल्ह्याला हा प्रश्न विचारायचा खास अधिकार आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतली स्फोटके श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. ती उतरवणारे, वाहणारे आणि पैसे घेऊन डोळेझाक करणारे बहुतेक भारताचेच नागरिक होते. त्यात सरकारी नोकरही होते. २००८ चे हल्लेखोर कराचीहून समुद्रमार्गे आले. ते परदेशी होते, पण स्थलांतरित नव्हते. निर्बंधांचे टीकाकार म्हणतात की दहशतवाद आणि पोटासाठीचे स्थलांतर एकाच कायद्याच्या पोत्यात भरले की दोन्हींचा बंदोबस्त ढिला होतो. समर्थकांचे उत्तर असे की खोट्या ओळखीचा बाजार एकच आहे. मजुराला आधार मिळवून देणारा दलाल उद्या हेरालाही मिळवून देईल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

इंग्लंडमध्ये हाच पेच २००४ मध्ये बेलमार्श तुरुंगाच्या खटल्यात आला. ११ सप्टेंबरनंतर तिथल्या सरकारने संशयित परकीयांना खटल्याविना बेमुदत डांबण्याचा कायदा केला. धोका जर नागरिकांकडूनही असेल, तर फक्त परकीयांना डांबणे तर्काला धरून नाही, असे हाऊस ऑफ लॉर्ड्सने आठ विरुद्ध एक मतांनी ठरवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी, उलट दिशा घेतली. काही देशांतल्या लोकांवरची ट्रम्प यांची प्रवेशबंदी त्याने उचलून धरली. सुरक्षेचे कारण वरवर वाजवी दिसत असेल तर न्यायालय खोलात शिरणार नाही, असा तो निकाल. त्यामागे १८८९ पासूनची, चिनी मजुरांना रोखणाऱ्या कायद्यापासूनची परंपरा आहे. आपले न्यायालय आजवर अमेरिकेच्या वाटेला अधिक जवळ राहिले आहे. पुणे-ठाण्याची मुले एच-१बी व्हिसासाठी त्याच देशाच्या दारात रांग लावतात, तेव्हा आपली सहानुभूती आपोआप रांगेतल्या माणसाकडे जाते, हे जाता जाता.

२०२५ चा कायदा

जुने चार कायदे मोडीत काढून 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स' कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. वैध पासपोर्ट-व्हिसाविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खोट्या कागदांसाठी दोन ते सात वर्षे कैद आणि एक ते दहा लाख दंड. राष्ट्रीय सुरक्षा हे प्रवेश नाकारण्याचे कारण म्हणून कायद्याच्या मजकुरातच लिहिले गेले. त्यावर इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम आहे. अपिलाची सोय नाही हा विरोधकांचा संसदेतला मुख्य आक्षेप होता. सरकारचे म्हणणे असे की विखुरलेले, जुनाट कायदे एकत्र करून कारभार सुटसुटीत केला आहे. पुराव्याची जबाबदारी पूर्वीसारखीच त्या व्यक्तीवर राहिली. त्याच दिवशी निघालेल्या आदेशाने तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत कागदांविना आलेल्या अल्पसंख्याकांना शिक्षेतून सूट मिळाली, म्हणजे समतेचा वाद २०१४ नंतरच्या दहा वर्षांनाही लागू झाला.

परकीयांची माहिती देण्याचे बंधन हॉटेलवाल्यांबरोबर शिक्षणसंस्था आणि रुग्णालयांवरही आहे. म्हणजे परदेशी पाहुणा उतरवणारा कशेळ्याचा होमस्टेवाला आणि परदेशी रुग्ण दाखल करणारे इथले ग्रामीण रुग्णालय, दोघेही या साखळीत आले. पाहुण्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरायची असते. आपल्या जिल्ह्यात परकीय नोंदणी अधिकारी म्हणजे अलिबागचे पोलिस अधीक्षक. पाहुण्याची माहिती देण्याचा नियम जुनाच आहे. पूर्वी त्याकडे कोणी फारसे पाहत नव्हते.

काय सुटलेले नाही

पहिली गोष्ट आकड्यांची. देशात बेकायदा बांगलादेशी किती? २००४ मध्ये केंद्रीय राज्यमंत्र्यांनी संसदेत १ कोटी २० लाखांचा आकडा दिला आणि काही दिवसांत मागे घेतला. २०१६ मध्ये दोन कोटी सांगितला गेला. कोणत्याही आकड्यामागे मोजणीची पद्धत दिलेली नाही. एवढ्या मोठ्या धोरणाचा पाया अंदाजावर आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हरकत नसावी.

दुसरी, निवाडा करणाऱ्याची. आसामात त्यासाठी विदेशी न्यायाधिकरणे आहेत, त्यांच्यावरही बरीच टीका होते. महाराष्ट्रात तीही नाहीत. इथे माणूस एक तर फौजदारी न्यायालयात आरोपी म्हणून उभा राहतो, किंवा पोलिसांच्या पडताळणीवर विसंबून थेट सीमेकडे जातो. केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०२५ मध्ये पडताळणीसाठी राज्यांना ३० दिवसांची मुदत घातली. संशयित ज्या राज्याचा म्हणवतो त्या राज्याने एवढ्या दिवसांत उत्तर द्यायचे, नाहीतर हद्दपारीची वाट मोकळी. मुर्शिदाबादच्या एखाद्या गावातल्या पंचायतीचे उत्तर तीस दिवसांत रायगडला येईल का, आणि ते आले नाही तर त्याची किंमत मजुराने का मोजावी, याला धोरणात उत्तर नाही.

तिसरी, परत घेणाऱ्या देशाची. रीतसर परत पाठवायचे तर बांगलादेशाने 'हा आमचा' असे म्हणावे लागते. ते होत नाही म्हणून शिक्षा भोगूनही माणसे डांबलेली राहतात आणि त्या कोंडीतूनच रात्री सीमेवरून ढकलण्याचे प्रकार निपजतात. निर्बंध हवेत असे मानणाऱ्यांनाही याला उत्तर म्हणता येणार नाही, कारण त्या वाटेने गेलेला माणूस त्याच वाटेने परत येऊ शकतो.

चौथी आपल्या वाड्यांची. वाडीतल्या कातकऱ्याला बांगलादेशी म्हणून कोणी धरणार नाही. त्याची बोलीच त्याची साक्ष आहे. पण जन्म घरी झालेला, शाळा अर्धवट सुटलेली, वर्षातले सहा महिने भट्टीवर, सातबाऱ्यावर नाव नाही. जुन्या कलम ९ ची, नव्या कायद्यातही कायम राहिलेली कसोटी अशा माणसाला लावली तर तो कागदावर नापास होतो. मालेगावच्या प्रकरणानंतर मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिरा जन्मनोंदणीचे नियम कडक केले. खोटे दाखले रोखायला ते गरजेचे असेलही. त्याचा भुर्दंड मात्र खऱ्या पण नोंद नसलेल्या माणसाला जातीच्या दाखल्यासाठी, घरकुलासाठी, शाळेच्या प्रवेशासाठी बसतो.

म्हणून या तालुक्यातल्या आशाताई, अंगणवाडीसेविका, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलिस पाटील यांना एक विनंती. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्माची तारीख आणि ठिकाण यांचा कायदेशीर पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. नोंद २१ दिवसांत केली तर ग्रामपंचायतीत पैसे पडत नाहीत. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागते, त्यानंतर वर्षाच्या आत वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. जी कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीवर निघतात, त्यांच्या बाळांची नोंद ती गाव सोडण्याआधी करून घ्या.